लडाखच्या पहिल्या ट्रेकला निघताय तर

भाऊ, दर्यापूरहून थेट लडाख, तुमचा बेत वाचून लय आनंद झाला. पण तुम्ही लिहिलंय तसं आठ दिवसांत पँगाँग सरोवर, नुब्रा खोरं आणि ट्रेक असं सगळं कोंबू नका. ट्रेकसाठी फक्त लेहजवळचं शाम खोरं ठेवा, गावं अशी: लिकिर, यांगथांग, हेमिस शुकपाचन, तेमिसगाम. गावागावात घरगुती मुक्काम आणि जेवण मिळतं, तंबू वाहायचं काम नाही.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट उंचीची. लेह सुमारे ३५०० मीटरवर, आपला चिखलदरा जेमतेम ११००. विमानातून उतरलात की पहिला दिवस निव्वळ आराम, दुसऱ्या दिवशी बाजारात सावकाश फेरी. उन्हातान्हात दिवसभर राबणारा गडीही तिथे आडवा होतो, कारण हवाच विरळ. डोकं दुखलं, मळमळलं तर वर चढायचं नाही. त्रास वाढला, चालताना तोल जाऊ लागला, तर रात्र असो की दिवस, खाली उतरायचं. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी डॉक्टरांना विचारूनच.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- घाम अंगावरच वाळतो, तहान कळत नाही. घोट घोट पाणी पीत राहा.
- ओढे सकाळीच ओलांडा. दुपारी बर्फ वितळून पाणी चढतं. कोरड्या नाल्यात मुक्काम नकोच. ऑगस्ट २०१० मध्ये लेहला ढगफुटीने अचानक पूर आला होता, ते आठवा.
- आपलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड घ्या.
- नवे बूट आधी महिनाभर शिवारात वापरा.

मार्खा खोरं, उंच खिंडी पुढच्या खेपेला. तारखा ठरल्या की कळवा, सामानाची यादी मिळून करू.