खिमटाचं पातेलं आणि मनात येणारे नको ते विचार

‘बाळाला घरचंच खायला द्यायचं आहे, पण माझ्या हातून काहीतरी राहून जाईल आणि त्याला बाधेल, अशी सारखी भीती वाटते. हात, भांडी पुन्हा पुन्हा धुते. ही काळजी आहे की आजार?’ सहा महिन्यांच्या पुढच्या बाळांच्या आया हा प्रश्न घेऊन येतात. त्यातल्या बऱ्याच जणींना बालरोगतज्ज्ञांनी दहा मिनिटं नीट समजावलं की पुरतं. पहिलटकरणीला थोडी धास्ती असायचीच. काही जणींचं मात्र तेवढ्यावर भागत नाही. मृणाल त्यांच्यातली. तिचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती आली तेव्हा मुलगी नऊ महिन्यांची होती. सहाव्या महिन्यात उष्टावण थाटात झालं, पण पुढे घरचं अन्न मुलीच्या पोटात फारसं गेलंच नव्हतं. अंगावरचं दूध, आणि अधूनमधून डब्यातलं विकतचं सिरियल. सहा महिन्यांनंतर नुसतं दूध पुरत नाही, विशेषतः लोह कमी पडतं. मुलीचं वजन अडखळलं होतं, हिमोग्लोबिनही कमी होतं. डॉक्टरांनी लोहाचे थेंब सुरू केले आणि आईशी बोलल्यावर तिला माझ्याकडे मानसोपचारासाठी पाठवलं.

मृणालने तिची सकाळ सांगितली. मूठभर मूगडाळ स्टीलच्या ताटात पसरायची. ट्यूबखाली ताट तिरकं धरून दाणा न् दाणा बघायचा, काचेचा कण तर नाही ना. मग धुवायची. धुताना फोन वाजला किंवा मुलगी रडली की लक्ष विचलित झालं, म्हणजे मघाचं धुणं बाद, परत पहिल्यापासून. पातेलं घासायचं, उकळायचं, चमचा उकळायचा. चमचा ओट्याला टेकला की पुन्हा उकळायचा. खिमट शिजेपर्यंत मुलगी दूध पिऊन झोपलेली असायची आणि शिजलेलं सगळं मोरीत जायचं. तिच्या बोटांच्या बेचक्यांत कातडी फाटून लाल भेगा पडल्या होत्या. नवऱ्याला दिवसभर एकच प्रश्न : ‘काच नाहीये ना रे त्यात?’ तो बिचारा प्रत्येक वेळी ‘नाहीये गं’ म्हणायचा. सासूबाईंनी दया येऊन स्वयंपाकघर पूर्ण आपल्याकडे घेतलं, पण त्यांनी केलेलंही मृणाल भरवू देत नव्हती.

नवरा आणि सासूबाई बाहेर गेल्यावर, वेळ संपत आली असताना ती म्हणाली, ‘ताई, एक सांगायचं राहिलं. काच पडेल याची भीती आहेच, पण मीच टाकली तर? सुरी हातात घेतली की वाटतं, मीच तिला काही केलं तर? मी राक्षसीण आहे का?’ हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. सांगितलं तर मुलगी आपल्यापासून काढून घेतील, असं तिला वाटत होतं.

अशा वेळी घाईने ‘छे, तू असं काही करणार नाहीस’ म्हणून मोकळं होऊ नये. मी तिला नीट विचारलं. हे विचार तुला पटतात की नकोसे वाटतात? कुणी कानात आज्ञा देतंय असं वाटतं का? मुलगी आपली नाही, तिच्यात काही शिरलंय, असं कधी वाटलं का? झोप पूर्ण उडून भ्रमिष्टासारखं होतंय का? यातलं काही असतं, तर बाळंतपणानंतरचा सायकोसिस, म्हणजे वास्तवाचं भान सुटणारा गंभीर मनोविकार, असू शकतो. तो बहुधा पहिल्या काही आठवड्यांत सुरू होतो आणि तेव्हा त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञ गाठावा लागतो. मृणालला त्या विचारांची किळस होती. तिने सुऱ्या माळ्यावर टाकल्या होत्या. हा मंत्रचळ होता, म्हणजेच ओसीडी (ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर).

बाळाला अपघात होईल, असे नकोसे विचार जवळजवळ प्रत्येक नव्या आईच्या मनात येतात. आपल्याच हातून इजा होईल, असे विचारही पुष्कळजणींना चाटून जातात. बाकीच्या जणी ‘काय हे भलतंच’ म्हणून पुढच्या कामाला लागतात. ओसीडीमध्ये मन त्या विचाराला पकडून बसतं, तो आला म्हणजे काही अर्थ असणारच असं धरतं आणि खात्री मागतं. ती खात्री मिळवायला माणूस धुतो, तपासतो, विचारतो. तेवढ्यापुरतं बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्यामुळेच पुढच्या वेळी धुणं वाढतं. नवऱ्याचं मायेनं दिलेलं ‘नाहीये गं’ हेसुद्धा त्या धुण्याचाच भाग झालं होतं.

मनोविकारतज्ज्ञांनी मुलगी अंगावर पिते हे लक्षात घेऊन, बालरोगतज्ज्ञांशी बोलून गोळी सुरू केली. ओसीडीत या गोळ्यांचा गुण यायला आठ ते बारा आठवडे लागू शकतात, हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पंधरा दिवसांत लोक गोळी सोडतात. आमचं काम दुसरं होतं : भीती वाटेल ते करायचं आणि नंतरचं धुणं-तपासणं करायचं नाही. नवऱ्याला ही पद्धत फार कठोर वाटली. त्याला सांगितलं, १९६६मध्ये लंडनच्या व्हिक्टर मेयर यांनी अशा उपचारांचे अनुभव प्रसिद्ध केले, तेव्हापासून ही पद्धत घासूनपुसून आजवर आली आहे आणि ओसीडीवर तिचाच आधार सर्वांत पक्का आहे.

आधी बालरोगतज्ज्ञांकडून स्वच्छतेचे नियम एकदाच ठरवून घेतले. साबणाने हात एकदा, वीस सेकंद. डाळ-तांदूळ एकदा निवडायचे, तीन पाण्यांनी धुवायचे. वाटी-चमचा साबणाने धुऊन वाळवायचा. शिजलेलं दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवायचं नाही. हे प्रत्येक घरात पाळावं. त्यापलीकडचं सगळं आजाराचं. उपचार म्हणून अस्वच्छ किंवा शिळं काही बाळाला कधीच द्यायचं नसतं, हे मी घरच्यांना ठासून सांगते.

मग खिमट. दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मूगडाळ, धुऊन फडक्यावर सावलीत वाळवायची, मंद आचेवर भाजायची, मिक्सरमधून रवाळ भरड काढायची आणि कोरड्या बरणीत ठेवायची. आधी थोडी पूड गार पाण्यात कालवून मग शिजवली की गुठळ्या होत नाहीत. वर साजूक तूप, चिमूटभर जिरेपूड. वर्षाच्या आत मीठ, साखर नको, आणि मध तर मुळीच नको. त्यातून बोट्युलिझमचा, म्हणजे तान्ह्या बाळांना होणाऱ्या गंभीर विषबाधेचा, धोका असतो. खिमट चमच्यावरून पाण्यासारखं ओघळू नये. पातळ पेजेनं इवलंसं पोट भरतं, पण ताकद येत नाही. पुढे त्यातच उकडलेला लाल भोपळा, गाजर, पालक, नीट शिजवलेलं अंडं, नाचणीचं सत्त्व, एका वेळी एकच नवा पदार्थ.

पहिलं खिमट तिने माझ्याशी व्हिडिओ कॉलवर बोलत केलं, फोन मिठाच्या बरणीला टेकवून. डाळ एकदा निवडली, ताट बाजूला सारलं. भीती शंभरातली किती? ‘नव्वद.’ मी काही समजूत घातली नाही. ठरल्याप्रमाणे ती मोठ्यानं म्हणाली, ‘यात काही राहिलं असेल, नसेलही. मी आता हिला भरवणार.’ हात थरथरत होता. मुलीनं पहिला घास जिभेनं बाहेर ढकलला, दुसरा गिळला. त्यावेळी भीती ऐंशीच्या खाली आली नव्हती. मला ते चाललं. भीती उतरण्याची वाट न बघता घास भरवता येणं, हे माझ्या दृष्टीनं जास्त महत्त्वाचं.

नवऱ्याला एक वाक्य पाठ करायला दिलं : ‘हा प्रश्न आजाराचा आहे, उत्तर नाही देणार, पण मी इथे बसतो.’ त्याला ते जड गेलं. सासूबाईंचं काम ओट्यापासून लांब राहायचं. काही आठवड्यांनी सुऱ्या माळ्यावरून खाली आल्या, आणि मुलगी चटईवर खेळत असताना मृणालने भोपळा चिरला. त्या दिवशी ती खूप रडली. नवऱ्याला ते विचार तिनेच सांगितले, मी नुसती शेजारी बसले होते.

ज्यांना एवढ्यात कुणाला भेटता येत नाही, त्यांनी टेलि-मानसला १४४१६ वर फोन करावा. मानसिक आरोग्यासाठीची सरकारी सेवा आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. आणि आपल्या घरात अशी आई असेल, तर तिला ‘एवढं काय स्वच्छतेचं वेड’ म्हणू नका. तिला धुण्यात सुख नाही.

मृणालची गोळी अजून चालू आहे. वाईट दिवस येतात, विशेषतः मुलगी आजारी पडली की. सासर कोकणातलं, त्यामुळे मध्यंतरी मासे द्यायची वेळ आली आणि तिचा मेसेज आला : ‘ताई, पापलेटचे काटे किती वेळा बघू? काटा तर खरंच असू शकतो ना.’

मी विचारलं, ‘सासूबाई किती वेळा बघतात?’

‘एकदा. बोटांनी कुस्करून.’

‘मग तेवढंच.’