एमएच ०८ (रत्नागिरी) पासिंगची २००९ ची सेडान, खालून थोडा गंज आहे, डेंटर (पत्र्याचं काम करणारा मिस्त्री) १० हजारात करून देतो म्हणतोय. घ्यावी का?

नका घेऊ. निदान तो डेंटर १० हजार म्हणतोय म्हणून तरी नकाच घेऊ.

तुम्ही लिहिलंय की गाडी दापोलीकडची, एकाच मालकाची, इंजिन स्मूथ, फक्त दरवाज्याखालच्या पट्टीला आणि मागच्या चाकावरच्या कमानीला थोडे फोड आलेत, आणि घरचे म्हणतायत इंजिन चांगलंय ना मग पत्र्याचं एवढं काय. हे शेवटचं वाक्य वाचलं आणि लिहायला बसलो, कारण हेच वाक्य मी २०१६ पासून माझ्या मोठ्या भावाच्या तोंडून ऐकतोय.

दादा गाड्यांमधलाच माणूस. तरुणपणी चिपळूण-गुहागर लाइनला वडापची ट्रॅक्स चालवायचा, मग स्वतःची जीप घेतली. आवाजावरून इंजिनाचे टॅपेट कसे आहेत सांगेल, धुरावरून रिंगा झिजल्यात का सांगेल, त्याबाबतीत त्याला मानतोच. पण बॉडी म्हणजे त्याच्या लेखी अंगावरचा शर्ट, फाटला की दुसरा शिवायचा. जीपचं ते खरंच आहे, खाली जाडजूड चेसिस असते आणि बॉडी वर बोल्टने बसवलेली असते, सडली तर उतरवून नवी चढवतात. सेडानला खाली वेगळी चेसिस नसतेच. फ्लोअर, दरवाज्याखालच्या पट्ट्या (डेंटर त्यांना रनिंग बोर्ड म्हणतात), पिलर, छप्पर हे सगळं एकमेकांना वेल्ड करून जो सांगाडा होतो तीच चेसिस. रनिंग बोर्ड सडला म्हणजे शर्ट नाही फाटला, हाड सडलं. ही एवढी एक गोष्ट मला त्याला आजतागायत पटवता आलेली नाही.

तर २०१६ च्या दिवाळीनंतर मी एक २००६ ची सेडान घेतली, १ लाख ४० हजाराला, रत्नागिरीच्या एका घरातून. मी पनवेलजवळ कळंबोलीला राहतो, आई गुहागरजवळ गावी असते, येऊन जाऊन बरी म्हणून. दादा आधी जाऊन बघून आला आणि फोनवर म्हणाला, "अरे इंजिन लोण्यासारखं आहे, डोळे मिटून घे." मी गेलो तेव्हा दोन्ही बाजूंना खालच्या भागाला नवा रंग होता. मी विचारलंसुद्धा, फक्त खालीच रंग का नवा आहे? मालक म्हणाले दगडांनी टवके गेले होते. आमच्याकडच्या जांभ्या दगडाच्या रस्त्यांना टवके जातातच, त्यामुळे मला पटलं. आणि खाली वाकून बघितलं तर सगळं तांबडं. तांबडी माती आणि गंज यांचा रंग एकच, माती धुतल्याशिवाय काही कळतच नाही, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. आता कोकणातली गाडी बघायला गेलो की आधी खालून पाणी मारायला लावतो.

पावसाळा लागला तसा मागच्या सीटखालचा गालिचा ओला राहायला लागला. वायपरखालच्या जाळीत आंब्याची पानं अडकून पाणी आत उतरत असेल म्हणून ती जागा साफ केली, थोडा फरक पडला, पण कुबट वास काही गेला नाही.

मग २०१७ चे गणपती. २५ ऑगस्टला चतुर्थी होती, आम्ही २३ ला पहाटे निघालो. मी, बायको, मुलगा आणि आई, ती श्रावणात आमच्याकडे आली होती. डिकीत थर्माकोलचं मखर, वर पिशव्या. कशेडी घाटात मागचं डावं चाक पंक्चर झालं. तेव्हा बोगदा नव्हता, जुनाच घाट, एका बाजूला डोंगर, एका बाजूला दरी, आणि सणाची ट्रॅफिक. पाऊस धो धो. स्टेपनी काढायची म्हणून मखर बाहेर काढून आईच्या मांडीवर दिलं, बायको मागे छत्री धरून येणाऱ्या गाड्यांना हात दाखवत उभी. मी जॅक लावला, बरोबर कंपनीने खाच दिलेली असते तिथेच. फिरवायला लागलो. चार फेरे, सहा फेरे, जॅक वर जातोय आणि गाडी जागची हलत नाही. मला वाटलं चिखलात जॅक खाली रुततोय. वाकून टॉर्च मारला तर जॅक वरच्या बाजूला रुतत होता. रनिंग बोर्डच्या आत अर्धी वीत घुसला होता आणि भाजलेला पापड मोडावा तसे पत्र्याचे तुकडे खाली पडत होते. आणि आई आत बसलेली, मांडीवर मखर घेऊन.

एक ट्रकवाले थांबले, लातूरकडचे होते. त्यांनी स्वतःचा बॉटल जॅक काढला, खाली फळी टाकली, दोन चाकांना दगड लावले, आईला बाहेर काढायला लावलं आणि मागच्या सस्पेन्शनच्या जाड बीमखाली जॅक लावून गाडी उचलली. पैसे घेतले नाहीत, मोदकांचा डबा होता तो दिला.

विसर्जन झाल्यावर चिपळूणच्या एका डेंटरकडे गाडी नेली. दादा सोबत. मिस्त्रींनी रनिंग बोर्डवर नुसत्या स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत नेलं, पुढे टणटण वाजत होतं, मधल्या खांबाच्या मागे गेल्यावर ठप्प ठप्प. तिथे ग्राइंडर लावला तर ठिणग्याच येईनात, नुसती पांढरी पूड. लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरलेली होती, बोटभर जाड. लांबीचा पापुद्रा निघाला आणि त्यामागे काय होतं, तर खिडकीला डासांसाठी मारतात ती जाळी. भोकांवर जाळी चिकटवून, त्यावर लांबी थापून, घासून, रंग मारलेला. आणि खालून पाणी निघायला कंपनीने जी भोकं ठेवलेली असतात तीसुद्धा लांबीने बुजवलेली. मिस्त्रींनी त्यातलं एक टोकरून मोकळं केलं तर आतून तांबडं पाणी आलं, चांगलं तांब्याभर. म्हणजे इतके महिने ती पट्टी आतून पाण्याने भरलेली होती आणि मी बाहेरून रविवारी पॉलिश मारत होतो.

दादा तिथे उभा राहून म्हणाला, "तू गाडी धूत नाहीस, खारा वारा लागला असेल." कळंबोलीत, नऊ महिन्यांत! मी ती जाळी त्याच्या हातात दिली. त्याने बघितली, बाकड्यावर ठेवली आणि मिस्त्रींना म्हणाला पण इंजिनचा आवाज ऐका जरा.

खर्च सांगतो, कारण तुम्ही तेच विचारलंय. दोन्ही रनिंग बोर्ड कापून आतलं मजबुतीचं पॅनेल आणि वरचं कव्हर २० गेजच्या पत्र्याने नवं बनवणं, मागच्या फ्लोअरला दोन पॅच, मिग वेल्डिंग, एपॉक्सी प्रायमर, दोन्ही बाजूंचा रंग, सगळे मिळून ४६ हजार गेले, तेही २०१७ मध्ये आणि गावच्या मजुरीने. गाडीच्या किमतीचा तिसरा हिस्सा. शहरात आज याच्या खाली होणार नाही. तेव्हा १० हजारात तुमचा डेंटर काय करणार आहे हे आता तुमचं तुम्हीच ओळखा. तो कापणार आहे की भरणार आहे, एवढंच विचारा. भरणार असेल तर ते काम गाडी विकणाऱ्यासाठी असतं, चालवणाऱ्यासाठी नाही. लांबी ओल धरते, खालचा पत्रा आणखी जोरात सडतो. इन्शुरन्समधूनही काही मिळत नाही, गंज म्हणजे झीज, ती पॉलिसीत बसत नाही.

आता फोडांबद्दल. रंगावर हरभऱ्याएवढा फोड दिसतो तेव्हा बहुतेक वेळा गंज आतून बाहेर आलेला असतो, बाहेरून आत गेलेला नाही. म्हणजे आत रुपयाएवढं तरी खाल्लेलं आहे असं धरून चाला. फ्रिजवरचं मॅग्नेट पातळ फडक्यात गुंडाळून न्या, आधी छपरावर लावून ओढ कशी लागते ते बघा आणि मग कमानीवर, दरवाज्याच्या खालच्या दुमडीवर, रनिंग बोर्डवर फिरवा. जिथे ढिलं पडेल तिथे लांबी. डिकीतली स्टेपनी उचलून त्या खड्ड्यात पाणी, चिखल आहे का बघा. बोनेट उघडून शॉकअॅब्सॉर्बर वर जिथे बसतात त्या कपाच्या कडा बघा, तिथे गंजाने भोक असेल तर उरलेलं काही बघू नका, घरी या. आणि रॅम्पवर चढवून ब्रेकचे पाइप बघायला सांगा, ते लोखंडाचेच असतात, फुगून खवले आले असतील तर कधी फुटतील सांगता येत नाही. जॅक पॉइंटवर स्क्रू ड्रायव्हर जोरात दाबून बघायचाच. मालक नको म्हणाला तर का नको म्हणतोय ते तुम्हाला कळलंच.

एक वेगळं, गाडी त्या भागातली आहे म्हणून. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं होतं, वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत घुसलं होतं, तेव्हा पाण्यात गेलेल्या गाड्यांपैकी ही नाही ना तेही बघा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा, शेवटच्या वीतभर पट्ट्यावर गाळाची रेघ आहे का बघा. सीटखालच्या रुळांना बसलेला गंजही तेच सांगतो. सीट कव्हर नवी घालतात, बेल्ट कोणी बदलत नाही.

घेतलीतच, तर गंजावर डायरेक्ट अंडरबॉडी कोटिंग मारून घेऊ नका. वर काळं छान दिसतं आणि खाली ओल कोंडते. आधी वायर ब्रशने पांढरा पत्रा दिसेपर्यंत घासायचं, मग एपॉक्सी प्रायमर, मग कोटिंग, आणि लांब नळीने रनिंग बोर्डच्या आत मेणाचा स्प्रे, तो बरेच जण करतच नाहीत, तुम्ही सांगून करून घ्या. गावाकडे जुनं इंजिन ऑइल खाली मारतात, दादाही मारतो, जीपला चालत असेल, पण त्याने सस्पेन्शनचे रबरी बुश फुगतात आणि धूळ चिकटून लगदा होतो.

दादाचं म्हणणं अजून हेच आहे की मी ती गाडी पुढे पाच वर्षं चालवली म्हणजे त्याचा सल्ला बरोबर होता. चालवली, खरंय. इंजिनाने शेवटपर्यंत त्रास दिला नाही हेही खरंय. पण ती पाच वर्षं त्या ४६ हजारांच्या पत्र्यावर चालली, आणि त्याआधीचे नऊ महिने माझी माणसं जाळीवर बसून घाट चढत होती. त्या नऊ महिन्यांत बाजूने कोणी ठोकलं असतं तर? सेडानमध्ये बाजूने ठोकर बसली की दरवाज्यासोबत ती रनिंग बोर्डच मार झेलते. याचं उत्तर त्याने मला कधीच दिलेलं नाही. दर गणपतीला विषय निघतो आणि दर गणपतीला तो इंजिनावर येतो.

बाकी सगळाच गंज वाईट असं मी म्हणत नाहीये. सायलेन्सर तांबडा असतोच, पावसात उभ्या गाडीच्या ब्रेक डिस्कवर एका रात्रीत गंज येतो आणि दोन ब्रेक मारले की जातो, त्यावरून गाडी नाकारू नका. दरवाज्याचा किंवा बोनेटचा गंजही तसा सोपा, बोल्टने बसणारे भाग, सेकंडहँड आणून बदलता येतात. तुमच्या गाडीत कमान आणि रनिंग बोर्ड आहे म्हणून मी एवढं लिहिलं. आणि २००९ ची आहे म्हणजे १५ वर्षं होऊन गेली, पासिंग पुढच्या ५ वर्षांसाठी रिन्यू केलंय का ते आरसीवर बघा, नसेल तर आरटीओच्या फिटनेस तपासणीला ही गाडी तुम्हालाच घेऊन जावं लागेल, २०२२ च्या एप्रिलपासून नुसती रिन्यूअलची फी ५ हजार झाली होती, ग्रीन टॅक्स वेगळा, तो भाव ठरवताना आधीच वजा करा.