एडनचे तनखे, विमानं आणि तरीमचा सय्यद

प्रश्न असा होता: एडनच्या (आजच्या येमेनमधलं बंदर) आतल्या मुलखात अरब टोळ्यांची लुटालूट आणि पिढीजात वैरं ब्रिटिश अधिकारी आटोक्यात कशी आणत, पैसे चारून की बॉम्ब टाकून?

दोन्ही झालं. पण या दोन्हींच्या आधीची अडचण लक्षात घ्या. अधिकाऱ्याला जाब विचारायला कोणीतरी लागतं. तांडा लुटला गेला, तर नुकसान कोणाकडून भरून घ्यायचं? टोळ्यांच्या मुलखात याचं सरळ उत्तर नसायचं. सुलतान म्हणवणारा माणूस असायचा, पण बऱ्याचदा त्याचा शब्द त्याच्या गावाच्या वेशीपुढे चालायचा नाही. सगळा ब्रिटिश कारभार म्हणजे हा जबाबदार माणूस शोधायचा, आणि नसला तर बनवायचा खटाटोप होता.

जानेवारी १८३९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारातल्या कॅप्टन हेन्सने एडन घेतलं आणि १९३२ पर्यंत ते मुंबई सरकारच्या कारभाराखाली राहिलं. म्हणजे एडनच्या उत्तरेला असलेल्या लहेजच्या वाटेवर उंट लुटले गेले तरी त्याचे कागद मुंबईला यायचे, आणि मुंबईचं धोरण ठरलेलं: आतल्या भांडणात पडू नका. मुंबईत बसून हे सांगणं सोपं होतं. एडन म्हणजे ज्वालामुखीचा उघडा खडक. भाजीपाला, चारा, जळण सगळं आतून येणार. वाट अडवली की गावाचा गळाच आवळला जायचा, आणि हे टोळ्यांना अधिकाऱ्यांपेक्षा जास्त कळत होतं.

म्हणून हेन्सने तनखे बांधून दिले. लहेजच्या अब्दली सुलतानाला वर्षाला ६,५०० मारिया थेरेसा डॉलर (चांदीचं ऑस्ट्रियन नाणं, तिकडे तेच चालायचं), आणि आसपासच्या फदली, हौशबी, याफई या टोळ्यांना त्याहून बऱ्याच लहान रकमा. बदल्यात वाटा मोकळ्या ठेवायच्या. याला लाच म्हणणारे म्हणोत, पण ज्याच्या मुलखातून तांडा जातो त्याला काही द्यायचं, ही तिथली जुनीच रीत. व्यापारीही टोळीतला एक माणूस मोल देऊन सोबत घ्यायचे. तो बरोबर असताना तांड्याला हात लावणं म्हणजे त्याच्या टोळीशी वैर. हेन्सने नवीन काही काढलं नाही, फक्त रक्कम दफ्तरात लिहिली आणि तिच्यामागे तोफा उभ्या केल्या.

हे कुठे फसलं तेही दफ्तरातच दिसतं. तह जून १८३९ मधला, आणि त्याच नोव्हेंबरात एडनवर हल्ला. मग मे १८४० मध्ये दुसरा, जुलै १८४१ मध्ये तिसरा. तनखा बंद केला, काही वर्षांनी पुन्हा सुरू केला. १८५१ मध्ये कॅप्टन मिल्न हा ब्रिटिश अधिकारी लहेजच्या मुलखात मारला गेला आणि मारेकरी फदलींच्या आश्रयाला गेला. आता आश्रय दिलेला माणूस हवाली करणं म्हणजे सुलतानाची आपल्याच लोकांत नाचक्की. तनखा थांबेल ही भीती त्यापुढे काहीच नाही. १८६५ च्या शेवटी फदलींनी एडनजवळ तांडा लुटला, तेव्हा एडनचा ब्रिटिश रेसिडेंट मेरवेदर याने फौज नेऊन त्यांची गावं उद्ध्वस्त केली. त्यानंतर तह झाला. म्हणजे पैसे आणि मार हे आलटून पालटून चालत आलेत, विमानांच्या कितीतरी आधीपासून.

(हेन्सचं पुढे काय झालं? एडनच्या खजिन्यात तूट निघाली, मुंबईत खटला चालला, अफरातफरीतून तो सुटला, पण देण्यापायी मुंबईच्याच तुरुंगात वर्षानुवर्षं पडून राहिला. १८६० मध्ये सुटला आणि लगेच मुंबई बंदरात जहाजावर वारला. टोळ्यांचं वैर परवडलं, हिशेबतपासनिसाचं नाही.)

विमानं आली १९२८ मध्ये, एडनच्या संरक्षणाची जबाबदारी हवाई दलाकडे गेली तेव्हा. पद्धत ठरलेली होती: आधी दंड सांगायचा, बहुतेक बंदुका किंवा पैशांत. मुदत द्यायची. मग पत्रकं टाकायची की अमुक दिवसापासून गावात राहू नका. त्यानंतर बॉम्ब. १९३४ मध्ये ढाला रस्त्यावर तांडा लुटला म्हणून कुतैबी टोळीवर हे आठवडेच्या आठवडे चाललं. माणसं मारण्यापेक्षा त्यांना घर आणि शेतापासून लांब ठेवून जेरीला आणायचं, असा हिशेब. हे स्वस्त पडायचं म्हणून लंडनला आवडायचं. 'माणुसकीची पद्धत' हे त्याचं समर्थन मला कधीच पटलेलं नाही. हंगामात शेतात पाऊल ठेवता येत नाही याचा अर्थ पत्रकं लिहिणाऱ्यालाही कळत असणार.

पण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर आणखी पूर्वेला, हद्रमौतमध्ये आहे. तिथल्या वैरांची तऱ्हा ऐका. दोन घरं समोरासमोर, मधे खजुराची झाडं, आणि माणसं वर्षानुवर्षं घराबाहेर पडू शकत नाहीत. शेतात किंवा विहिरीवर जायला खंदक खणलेले. शत्रूच्या खजुरांच्या मुळांशी रॉकेल ओतून झाडं मारायची. या मुलखात दोन सुलतान, कुऐती आणि कथीरी. (कुऐतींचा कुवेतशी काही संबंध नाही. त्यांची दौलत हैदराबादेत निजामाच्या पदरी जमादारी करून आलेली. दक्षिणेत पोट भरायला आलेले अरब शिपाई आपल्याला परके नाहीत, १८१८ मध्ये मालेगावचा किल्ला इंग्रजांविरुद्ध लढवला तो अरबांनीच.)

हॅरॉल्ड इंग्रम्स हा ब्रिटिश अधिकारी १९३४ मध्ये एडनला आला आणि बायको डोरीनबरोबर हद्रमौत फिरला. त्याच्या नावाने ओळखली जाणारी शांतता १९३७ ची: तीन वर्षांसाठी सगळी वैरं तहकूब, आणि त्यावर सुमारे १,३०० ते १,४०० सह्या. आकडा बघा. एका छोट्या मुलखात 'आम्ही स्वतंत्र, आमच्या वतीने दुसरा कोणी बोलणार नाही' म्हणणारे इतके जण! वैरं मिटवलेली नव्हती, फक्त थांबवलेली. खून आणि देणी जिथल्या तिथे, मुदतीपुरता हात आवरायचा. ही युक्तीही तिथलीच, ठरावीक मुदतीचे असे तह टोळ्या आपसांत करतच होत्या.

आणि सह्या गोळा झाल्या त्या हद्रमौतमधल्या तरीम गावच्या सय्यद अबू बक्र अल काफमुळे. सय्यद घराणी पैगंबरांच्या वंशातली, सहसा शस्त्र न धरणारी, म्हणून मध्यस्थी त्यांच्याकडे यायची. त्यात काफ घराण्याकडे सिंगापूरची गडगंज कमाई. किनाऱ्यापर्यंतचा मोटाररस्ता अबू बक्रने स्वतःच्या पैशाने बांधला, आणि टोळ्यांची मनधरणी, पाहुणचार, देणीघेणी यांतही स्वतःचाच पैसा ओतला. १९५४ मध्ये एडनला आलेल्या राणीने त्याला 'सर' केलं, पण नाव इंग्रम्सचं राहिलं. बॉम्ब इथेही पडले: रस्त्यावर गोळीबार करून दंड नाकारणाऱ्या बिन यमानी टोळीवर, १९३७ च्या सुरुवातीला. त्यामुळे रेंगाळलेल्या सह्या भराभर आल्या हे मान्य. पण सही करायला कागद समोर होता, आणि ज्याच्या शब्दावर विश्वास ठेवून सही करता येईल असा माणूसही होता. कुतैबींच्या वेळी यातलं काही नव्हतं, म्हणून तिथे दंड वसूल झाला आणि गोष्ट तिथेच संपली.

१९४० मध्ये तह आणखी दहा वर्षांनी वाढवला. सगळे आले असं मात्र नाही. हद्रमौतमधल्या घुर्फा गावचे बिन अब्दात हे घराणं जावा-सिंगापूरच्या पैशावर तटबंदीत बसून राहिलं आणि १९४५ मध्ये फौज आणल्यावरच नमलं. सय्यदाकडे होता तसा परदेशचा पैसा त्यांच्याकडेही होता, त्यामुळे त्यांना कोणाच्या मध्यस्थीची गरजच वाटली नाही.

यावर लिहिणार असाल तर थेट लंडन गाठायची घाई करू नका. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात एडनची दफ्तरं आहेत. हेन्सच्या काळापासून सुरुवात करा. तनख्याचे हिशेब आणि तक्रारी शेजारी ठेवून वाचलं, की कोणाचा शब्द कुठवर चालत होता ते दिसायला लागतं.