अमेरिकेतले जुने गे बार एकाच जागी पन्नास-पन्नास वर्षं कसे टिकतात? इथल्या कुणाचं अशा बारमध्ये नेहमी जाणं होतं का?

माझं होतं, पण एकाच बारमध्ये, त्यामुळे सगळ्यांचं नाही सांगू शकत. सॅन फ्रान्सिस्कोत कॅस्ट्रो स्ट्रीट जिथे मार्केट स्ट्रीटला मिळतो त्या कोपऱ्यावरचं ट्विन पीक्स टॅव्हर्न. नोकरीसाठी नऊ वर्षं तिकडे होतो, त्यातली शेवटची सहा-सात वर्षं पंधरा दिवसांतून एकदा तरी चक्कर असायचीच.

बार तसा 1935 चा. तेव्हा गे वगैरे काही नाही, कामगार वस्तीतला साधा गुत्ता, आणि त्या भागाला म्हणायचे युरेका व्हॅली. साठचं दशक संपता संपता तिथली आयरिश कुटुंबं उपनगरांत जायला लागली, जुनी लाकडी घरं स्वस्तात मिळायला लागली आणि गे पोरं तिथे येऊन राहायला लागली. मग 1972 मध्ये मेरी एलन कुन्हा आणि पेगी फॉर्स्टर या दोघींनी हा बार विकत घेतला. दोघी लेस्बियन, मैत्रिणी, गिऱ्हाईकं त्यांना नुसतं 'द गर्ल्स' म्हणायची. त्यांनी केलं काय, तर रस्त्याच्या बाजूच्या मोठ्या काचा उघड्या ठेवल्या. बस्स. आत कोण बसलंय ते फुटपाथवरून चालणाऱ्याला सरळ दिसणार.

आता यात काय एवढं, असं वाटेल. पण त्या काळात गे बार म्हणजे खिडक्यांना काळा रंग नाहीतर जाड पडदे, दारावर पाटी नाही, आणि पोलिसांची धाड पडली की पकडलेल्यांची नावं पेपरात, मग नोकरी गेलीच समजा. कॅलिफोर्नियात ब्लॅक कॅट नावाच्या बारच्या केसमध्ये 1951 लाच कोर्टाने सांगितलं होतं की नुसते गे लोक जमतात म्हणून लायसन्स काढून घेता येणार नाही, तर सरकारने असे बार बंद करता यावेत म्हणून 1955 मध्ये नवीन कायदा आणला, तो 1959 मध्ये कोर्टात पडला, पण त्रास काही थांबला नाही. आणि दोन पुरुषांमधला संबंध हा तिथे 1975 संपेपर्यंत गुन्हाच होता, सवलत मिळाली 1 जानेवारी 1976 पासून. म्हणजे या बायकांनी काच उघडी ठेवली तेव्हा काचेआडचे लोक कायद्याने गुन्हेगारच. अजून एक गंमत, 1971 पर्यंत त्या राज्यात बाईने बारमागे उभं राहून दारू ओतायलासुद्धा बंदी होती, ती स्वतः लायसन्सवाली किंवा लायसन्सवाल्याची बायको असेल तरच चालायचं. 1971 ला कोर्टाने ते काढलं आणि 72 ला या दोघी मालकीण.

काउंटरवर नेहमी बसणारे एक आजोबा होते, ऐंशीच्या पुढचे, हातात कायम आयरिश कॉफी, ते सांगायचे की सुरुवातीला इथे एकमेकांना हात लावायचीसुद्धा परवानगी नव्हती, मिठी नाही, मुका तर नाहीच, द गर्ल्स लगेच दटावायच्या. बाहेरून दिसतंय म्हणजे पोलिसांनाही दिसतंय ना. मला हे फार आवडतं, शूरपणा होता पण हिशेबी, आपल्याकडच्या बायका घर चालवतात तसा.

तो भाग नंतर काय काय बघत गेला ते बरंच लोकांना माहीत असेल. हार्वे मिल्क या गे पुढाऱ्याचं कॅमेऱ्याचं दुकान त्याच रस्त्यावर, 1977 ला तो आपल्याकडच्या नगरसेवकासारखा शहराच्या सभागृहावर निवडून आला, 27 नोव्हेंबर 1978 ला त्याचा खून झाला, खुन्याला अगदीच हलकी शिक्षा झाली म्हणून 21 मे 1979 ला दंगल पेटली आणि त्या रात्री पोलिसांनी एक ब्लॉक खालच्या एलिफंट वॉक बारमध्ये घुसून लोकांना झोडपलं, काचा फोडल्या. मग एड्स. 1981 मध्ये बॉबी कॅम्पबेल नावाच्या नर्सने या आजाराने आपल्या अंगावर उठलेल्या डागांचे पोलरॉइड फोटो अठराव्या रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाच्या काचेवर चिकटवले, लोकांनी बघून सावध व्हावं म्हणून. 1984 ला तो स्वतः गेला.

जवान पोरं ट्विन पीक्सला चेष्टेने 'काचेची शवपेटी' म्हणतात, कारण आत सगळे म्हातारे. मीही सुरुवातीला हसलो होतो. नंतर आजोबांनी एकदा दुपारी टेबलं दाखवत, इथे अमका बसायचा, इथे तमका, असं सुरू केलं आणि सहा-सात टेबलांनंतर स्वतःच विषय बदलला, तेव्हापासून तो जोक मी कधी केला नाही. त्या पिढीतले म्हातारे व्हायला मिळालेलेच मुळात कमी.

टिकला कसा म्हणाल तर माझ्या मते डान्स फ्लोअर नाही म्हणून. नाचाचे क्लब फॅशनवर चालतात, पाच वर्षांत नाव बदलतं. इथे माणसं गप्पा मारायला येतात, ओळखीची होतात, गप्पांची फॅशन जात नाही. 2013 मध्ये शहराने त्याला ऐतिहासिक वास्तू म्हणून जाहीर केलं, क्रमांक 264. आपल्याकडे कुलाब्याच्या व्हूडू नावाच्या पबमध्ये शनिवारची रात्र तेवढी आपली असायची, बाकी सहा दिवस जागा दुसऱ्यांची. रोजची आपली जागा असणं हे मला तिकडे गेल्यावरच कळलं.

आणि तरीही पहिलं वर्षभर मी काचेकडे पाठ करून बसायचो, कारण समोरच ट्रामचा शेवटचा स्टॉप आहे, मिलानहून आणलेल्या जुन्या केशरी ट्रामसुद्धा येतात आणि त्या बघायला देशी पब्लिक फोन घेऊन उभं असतं. महाराष्ट्र मंडळातल्या एखाद्या काकूंनी फोटो काढला आणि त्यात मागे मी, एवढंच डोक्यात. 2018 ला 5 सप्टेंबरच्या रात्री अकराच्या सुमारास (भारतात 6 तारखेची सकाळ) फोनवर कलम 377 चा, म्हणजे आपल्याकडे समलिंगी संबंध गुन्हा उरले नाहीत हा, निकाल आला तेव्हा मी तिथेच होतो. आजोबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, किती वर्षांचा कायदा होता, म्हटलं दीडशेच्या वर. ते म्हणाले, मग आज तोंड तिकडे करून बस. बसलो. बाहेर शेवटच्या ट्रामची वाट बघत दोन माणसं होती, एकानेही माझ्याकडे बघितलं नाही.

जाणार असाल तर वीकडेला दुपारी जा, खिडकीतली जागा मिळते. शनिवारी संध्याकाळी उभंच राहावं लागतं.