दोघांच्याच प्रोजेक्टला सीआय लागतं का? पहिला वर्कफ्लो कसा लावू?

तुमचा प्रोजेक्ट पायथनचा, गिटहबवर, काम करणारे दोघंच. सीआयसाठी (कोड बदलला की टेस्ट आपोआप चालवणारी व्यवस्था) जेनकिन्स लावू की गिटहब ॲक्शन्स, आणि एवढ्याशा टीमला त्याची गरज आहे का, असं विचारलंय.

ॲक्शन्स. जेनकिन्सचा सर्व्हर आपला आपण सांभाळायचा, त्याला तिसरा माणूस लागेल.

गरजेचं म्हणाल, तर ‘आपण काय गूगल आहोत का?’ हे वाक्य मी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत दोन वर्षं ऐकलंय. सीनियर सरांचं. बिलिंगचं सॉफ्टवेअर होतं, मी हट्टानं वर्कफ्लो (टेस्ट आपोआप चालवायच्या पायऱ्यांची फाइल) लावला. दिवसा सगळं हिरवं. रात्री बारानंतर कोड पुश केला (गिटहबवर चढवला) की एकच टेस्ट लाल, बिलाच्या तारखेची. सकाळी तीच परत चालवली की हिरवी. सर म्हणाले, ‘तुझं यंत्र रात्री पेंगतं,’ आणि त्या स्टेपला ‘कंटिन्यू-ऑन-एरर’ लावून मोकळे झाले. म्हणजे टेस्ट पडली तरी वर हिरवी खूण. मीही गप्प बसलो, अप्रेझल तोंडावर होतं.

यंत्र पेंगत नव्हतं. गिटहबचे रनर, म्हणजे टेस्ट चालवणारी मशीनं, यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ, आपल्या साडेपाच तास मागे) चालतात. आपल्याकडे रात्रीचा दीड वाजला की तिथे आदल्या दिवशीचे रात्रीचे आठ. आमचा कोड मशीनलाच तारीख विचारायचा. ऑफिसातल्या सर्व्हरचं घड्याळ भारतीय, त्यामुळे सगळं झाकलेलं. मग ३१ मार्चच्या संध्याकाळी सगळं क्लाउडवर हलवलं, तिथलं घड्याळ यूटीसी. एक गिऱ्हाईक दुधाचे वितरक, त्यांची बिलं पहाटे तीनपासून फाटतात. १ एप्रिलची साडेपाचपर्यंतची सगळी बिलं ३१ मार्चची, जुन्या आर्थिक वर्षाच्या नंबरांत! त्यांच्या सीएनं फोनवर जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. दुरुस्ती एका ओळीची निघाली: पायथनच्या ‘झोनइन्फो’मधून भारतीय वेळ (एशिया-कोलकाता) घेऊन तारीख काढायची.

सर अजून सांगतात, क्लाउडवाल्यांचा घोळ होता.

असो, तुमचं. पुश आणि पुल रिक्वेस्टवर चार पायऱ्या: कोडचं चेकआउट, पायथन बसवणं, रिक्वायरमेंट्स (लागणाऱ्या लायब्ररी) बसवणं, पायटेस्टनं टेस्ट चालवणं. वीसेक ओळींत बसतं. लिंटर (कोडमधल्या बारीक चुका दाखवणारं), कव्हरेजचा (टेस्टनी किती कोड तपासला त्याचा) बिल्ला वगैरे हौस नंतर. मॅट्रिक्स (अनेक व्हर्जनांवर टेस्ट चालवणं) नको, सर्व्हरवर पायथनचं जे व्हर्जन आहे तेवढंच घ्या. ते ३.१० असेल तर अवतरणात लिहा, नाहीतर यॅमल (वर्कफ्लो ज्यात लिहितात तो फॉरमॅट) त्याला दशांश समजून ३.१ करतं. टाइमआउट १० मिनिटं ठेवा. नाही ठेवलात तर अडकलेला जॉब ६ तास तसाच बसून राहतो.

एखादी टेस्ट मधूनच पडायला लागली तर ‘फ्लेकी’ (कधी पास, कधी नापास) म्हणून तोंड दाबू नका, किती वाजता पडते ते लिहून ठेवा. मेन ब्रँचला प्रोटेक्शन (टेस्ट लाल असेल तर कोड आत न घेण्याचा नियम) लावा, आणि ॲडमिनलाही त्यातून सूट देऊ नका. ॲडमिन वयानं मोठे असतील तर मुळीच नाही.

हो, रिपो (गिटहबवरचा तुमचा प्रोजेक्ट) प्रायव्हेट असेल तर फुकटच्या प्लॅनवर हे प्रोटेक्शन मिळत नाही, आणि ॲक्शन्सची मिनिटंही महिन्याला २,०००च. दोघांना पुरतात.

आणि एकही टेस्ट नसेल तर पायटेस्ट रन लालच दाखवतं. तेव्हा वर्कफ्लोच्या आधी एक टेस्ट लिहा. तारखेची लिहा.