वडोदऱ्यात रोज चालवायची सायकल: घेण्याआधी थोडे

दांडिया बाजार ते अलकापुरी एवढेच रोजचे जाणे-येणे असेल तर एकवीस गिअरच्या मागे लागू नका. आपले शहर सपाट आहे. चढ म्हणाल तर पुलांचाच. पुढेमागे सस्पेन्शन असलेली स्वस्त सायकल तर मुळीच नको. ती जड असते आणि पायाचा जोर स्प्रिंग दाबण्यातच जातो. मडगार्ड, कॅरियर आणि स्टँड असलेली साधी सायकल बघा.

दुकानात रंगाआधी उंची बघा. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा. पेडल अगदी खाली गेले की पाय सरळ व्हायला हवा. बरेच दुकानदार सीट खाली ठेवूनच देतात, कारण दोन्ही पाय जमिनीला टेकले की गिऱ्हाइकाला बरे वाटते. पुढे गुडघे दुखतात आणि चांगली सायकल माळ्यावर जाते, याचे मला फार वाईट वाटते. चाक उचलून फिरवा. ब्रेकपाशी डोलत असेल तर तिथेच आउट काढून, म्हणजे तारा कमी-जास्त ताणून चाक सरळ करून घ्या.

हवा किती भरायची ते टायरवरच छापलेले असते.

पावसाळ्याचे मात्र नीट ऐका. 2019 किंवा 2024 सारखा विश्वामित्रीला पूर आला आणि सायकल पाण्यात बुडाली, तर नुसती पुसून चालवू नका. चाकांचे आणि पेडलच्या एक्सलचे छर्रे काढून साफ करून नवे ग्रीस भरायला सांगा. हे काम समोर उभे राहून करून घ्या. चांगला मिस्त्री कधीच नाही म्हणत नाही.