‘छातीत जळजळ’ म्हणजे नेमकं कुठे?

ताई,
माझं वय ४४. दोन महिने झाले, डावीकडे छातीत विचित्र वाटतंय. कधी मुंग्या आल्यासारखं, कधी सुई टोचल्यासारखं, कधी आतून गरम वाफ फिरल्यासारखं. गाठ नाही, मी चाचपून बघितलं. डॉक्टरांकडे गेले आणि छातीत जळजळतंय म्हणून सांगितलं. त्यांनी ईसीजी काढला, तो नॉर्मल आला, मग पित्ताच्या गोळ्या दिल्या. फरक नाही. माझ्या मावशीला ६८व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला होता. अशा संवेदना ही कॅन्सरची पहिली खूण असते असं मी वाचलं आणि तेव्हापासून झोप उडाली. नवरा म्हणतो, फोनवर वाचून वाचून तू डोक्यात घेतलंयस. मुलीची परीक्षा तीन महिन्यांवर आहे, तोवर थांबू का? (त्याच बाजूच्या निपलची कातडी जरा कोरडी पडून सोलवटते, खाजते. घरात होतं ते मलम लावते, बरं वाटतं, मग पुन्हा येतं. ते काही विशेष नसावं.) मला खरं काय ते सांगा. नाव छापू नका.

---

तू मला ताई म्हणालीस, तेव्हा मी सरळ ‘तू’वरच येते.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मुंग्यांबद्दल, वाफेबद्दल तू सगळं खुलवून लिहिलंयस आणि निपलच्या कातडीला मात्र कंसात कोंबलंयस. माझं बोट त्या कंसावरच अडलं. त्याच्याकडे येतेच, पण आधी जिच्यामुळे तुझी झोप उडालीय ती गोष्ट निकालात काढू.

मुंग्या, टोचणं, आग, चमक, जडपणा. दुसरा कुठलाच बदल नसताना नुसत्या अशा संवेदना असतील, तर मागे कॅन्सर निघणं फार क्वचित घडतं. बहुतेक बायकांना आयुष्यात कधी ना कधी स्तनात दुखतं. त्यातलं पुष्कळसं पाळीशी बांधलेलं असतं: पाळीच्या आधी आठवडा-दोन आठवडे दोन्हीकडे जड, ठणकणारं, काखेपर्यंत जाणारं, आणि पाळी सुरू झाली की ओसरणारं. तुझ्या वयात पाळीचं गणित बिघडायला लागतं, तेव्हा दुखण्याचंही बिघडतं. (आणि मधेच पाळी चुकली असेल, तर ४४व्या वर्षीही गरोदरपणाची तपासणी आधी करून टाक. हसू नकोस. स्तन भरून येणं, हुळहुळणं ही त्याचीही सुरुवात असते.)

पाळीशी संबंध नसलेलं, एकाच जागी होणारं दुखणं वेगळं. गंमत म्हणजे ते बऱ्याचदा स्तनाचं नसतंच. बरगड्या छातीच्या मधल्या हाडाला जुळतात तिथली कूर्चा सुजली, की स्तनात दुखतंय असंच वाटतं. बोटाने दाबून बघितलं तर दुखरी जागा थेट हाडावर सापडते. मानेच्या किंवा पाठीच्या मणक्यातून निघणारी नस चिमटली गेली तर मुंग्या आणि चटके पुढे छातीवर जाणवतात. नागीण अंगावर दिसायच्या आधी काही दिवस एकाच बाजूला पट्ट्यासारखी आग होते, पण तुझे दोन महिने झालेत, म्हणजे ती नव्हे. स्तनातल्या साध्या पाण्याच्या गाठी, काही औषधं, चुकीच्या मापाची ब्रा, ही यादी लांबत जाईल. तेव्हा मुंग्या ही कॅन्सरची पहिली खूण, हे तू जिथे वाचलंस तिथे ते उलटं टांगून ठेवलेलं आहे. सुरुवातीचा स्तनाचा कॅन्सर बहुतेक वेळा दुखतच नाही. ‘दुखत नाही, म्हणजे काही नसेल’ ही समजूत मला तुझ्या मुंग्यांपेक्षा कितीतरी जास्त घाबरवते, कारण तिच्यापायी बायका महिनोन्‌महिने घरी बसतात.

आता तो कंस.

एकाच निपलवर कोरडेपणा, खाज, पापुद्रे. मलम लावलं की दबतं आणि थांबवलं की परत येतं. १८७४ साली जेम्स पॅजेट या ब्रिटिश सर्जनने पंधराएक स्त्रियांबद्दल लिहून ठेवलं होतं. आधी त्यांच्या निपलवर इसबासारखा आजार दिसला आणि मग दोनेक वर्षांच्या आत त्याच स्तनात कॅन्सर. आज त्याला पॅजेटचा आजार म्हणतात. तो दुर्मीळ आहे, स्तनाच्या कॅन्सरच्या शंभर रुग्णांमध्ये एक ते चार जणींमध्ये सापडतो. पण त्याची लबाडी अशी की तो कातडीच्या साध्या तक्रारीचं सोंग घेऊन येतो. खाज, चुरचुर, मुंग्या, आग या तू सांगितलेल्या संवेदनाही त्यात असू शकतात. निम्म्याजणींना हाताला गाठ लागत नाही. म्हणून ‘गाठ नाही, मी चाचपून बघितलं’ या तुझ्या वाक्यावर मी विसंबणार नाही.

तुला तोच आजार आहे असं मी म्हणत नाही. मी डॉक्टर नाही, आणि असते तरी पत्र वाचून कातडीचं निदान झालं नसतं. निपलवर साधं इसबही होतं, ब्राच्या कापडाची किंवा साबणाची ॲलर्जीही होते. साधं इसब बहुधा दोन्हीकडे असतं आणि भोवतीच्या काळसर वर्तुळापासून सुरू होतं. पॅजेट बहुधा एकाच बाजूला आणि निपलवरूनच सुरू होऊन बाहेर पसरतो. या ‘बहुधा’वर मात्र घरी बसून फैसला करू नकोस. खरं काय ते कळतं बायॉप्सीतून, म्हणजे जागा बधिर करून काढलेला त्या कातडीचा लहानसा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यावर. मलमाने बरं वाटलं हाही पुरावा नाही. स्टेरॉइड असलेल्या मलमाने वरची सूज आणि लाली काही काळ दबते, खाली काहीही असलं तरी.

आता मला तुझ्याशी जरा भांडायचंय. तू डॉक्टरांकडे गेलीस आणि म्हणालीस, ‘छातीत जळजळतंय.’ अगं, मराठीत छातीत जळजळ म्हणजे पित्त! आणि डावीकडे छातीत काही होतंय म्हटल्यावर त्यांनी ईसीजी काढला, तोही बरोबरच काढला. (चालताना, जिना चढताना छाती आवळली, घाम फुटला, दम लागला, तर आधी हृदयच बघायचं असतं.) डॉक्टर चुकले असं मला तरी म्हणवत नाही. तू ज्याचं नाव घेतलंस त्यावर त्यांनी औषध दिलं. ‘स्तन’ हा शब्द तुझ्या तोंडून निघाला नाही. माझ्याही निघत नसे. आपण ‘छातीत’ म्हणतो, ‘वरती’ म्हणतो, ‘अंगावर’ म्हणतो, आणि समोरच्याने ओळखावं अशी अपेक्षा धरतो. फार वर्षांपूर्वी काखेजवळची गाठ दाखवायला गेले होते, तेव्हा मी डॉक्टरांना म्हणाले होते, ‘खांद्याच्या इथे काहीतरी आहे.’ त्यांनी खांदा तपासला. दुसऱ्यांदा जावं लागलं. पाण्याची गाठ निघाली, सुईने पाणी काढलं, संपलं. पण मधले तीन आठवडे मी उगाच जळत काढले.

तेव्हा या वेळी एक वाक्य पाठ करून जा, नाहीतर चिठ्ठीवर लिहून ती पुढे कर: ‘माझ्या डाव्या स्तनाच्या निपलची कातडी दोन महिन्यांपासून सोलवटतेय, खाजतेय, मलमाने तात्पुरती बरी होते, आणि त्याच स्तनात मुंग्या आणि आग होते.’ किती दिवसांपासून ते माझ्या हिशेबाने लिहू नकोस, कॅलेंडर बघून खरा आकडा लिही. स्त्रीरोगतज्ज्ञ चालतील, स्तनाचे आजार बघणारे सर्जन असतील तर उत्तम. या आठवड्यात वेळ घे. रात्री अपरात्री धावत सुटण्यासारखं यात काही नाही, पण महिनाभर रेंगाळण्यासारखंही नाही.

तिथे काय होईल ते सांगते, म्हणजे खोलीत गेल्यावर बिचकणार नाहीस. डॉक्टर दोन्ही स्तन आणि दोन्ही काखा हाताने तपासतील. तपासणीच्या वेळी सोबत बाई असावी असं वाटलं तर तसं सांगायचा तुला पूर्ण हक्क आहे. तुझ्या वयात बहुधा मॅमोग्राफी (म्हणजे स्तनाचा एक्स-रे) आणि सोनोग्राफी दोन्ही होतील. मॅमोग्राफीत स्तन दोन पट्ट्यांमध्ये दाबतात, नकोसं वाटतं, पण दाब काही सेकंदांचा असतो. तारीख पाळीनंतरच्या आठवड्यात मिळाली तर दुखणं कमी, मात्र त्यासाठी तपासणी लांबवू नकोस. आणि आता नीट लक्ष दे: निपलची कातडी बिघडलेली असेल तर मॅमोग्राफी नॉर्मल आली तरी काम संपत नाही. मॅमोग्राफीला सगळंच दिसतं असं नाही, पॅजेटमध्ये तर ती साफ निर्दोषही येऊ शकते. ‘रिपोर्ट चांगला आहे, मलम बदलून देतो’ असं कुणी म्हणालं, तर शांतपणे विचार, ‘या कातडीची बायॉप्सी करायची का? नसेल, तर का नाही?’ सुई किंवा चिमटा लागला की कॅन्सर पसरतो, असं सांगणारं कुणीतरी तुला भेटेलच. बायॉप्सी टाळावी असं त्यात काही नाही. ती टाळली तर निदान तेवढं लांबतं.

आणखी एक प्रकार सांगून ठेवते, तुझ्यासाठी नव्हे, हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणासाठी. स्तन थोड्याच आठवड्यांत एकाएकी जड झाला, गरम लागतोय, लालसर (सावळ्या कातडीवर जांभळट किंवा गडद) झालाय, कातडी जाड होऊन संत्र्याच्या सालीसारखी खड्ड्याखड्ड्यांची दिसतेय. याला बरेचदा जंतुसंसर्ग समजून अँटिबायोटिक्स देतात, आणि पुष्कळदा तो संसर्गच असतो. पण आठ-दहा दिवसांच्या गोळ्यांनी उतार पडला नाही, तर दुसरा कोर्स मागू नका, तपासणी मागा. दाहक प्रकारचा कॅन्सर असाच येतो, त्यातही अनेकदा गाठ नसते, आणि तो फार वेगाने वाढतो. बाकीच्या खुणा तुम्हाला ठाऊक असतील: नवी गाठ किंवा जाडसरपणा, काखेतली गाठ, कातडीला पडलेली खळी, पूर्वी बाहेर असलेलं निपल आत ओढलं जाणं, न दाबता एकाच बाजूने आपोआप येणारं रक्त किंवा पाण्यासारखा स्राव.

मावशीबद्दल. ६८व्या वर्षी एका मावशीला झाला, एवढ्यावरून तुझा धोका फारसा वाढत नाही. थेट वारशाने येणारे स्तनाचे कॅन्सर शंभरातले पाच ते दहा. पण याची दुसरी बाजू बायका ऐकत नाहीत: ज्यांना हा आजार होतो त्यांतल्या निम्म्याजणींमध्ये बाई असणं आणि वाढतं वय यापलीकडे धोक्याचं कुठलंच ठळक कारण सापडत नाही. घराण्यात आहे की नाही, या प्रश्नावर तू तुझ्या रात्री घालवू नकोस. डॉक्टरांना मावशीचं वय आणि आजार सांग, ते लिहून घेतील.

दर महिन्याला ठरलेल्या तारखेला आरशासमोर तपासायलाच हवं का, हेही तुझ्या मनात असेल. शांघायमध्ये कापड गिरण्यांतल्या सुमारे २,६६,००० स्त्रियांवर मोठा अभ्यास झाला. निम्म्यांना स्वतःची तपासणी करायला रीतसर शिकवलं, निम्म्यांना नाही. २००२ साली निकाल आला: मृत्यूंमध्ये फरक पडला नाही, निरुपद्रवी गाठींच्या बायॉप्सी मात्र वाढल्या. म्हणून आता त्या कवायतीवर पूर्वीइतका भर नाही. आपलं अंग नेहमी कसं असतं ते ठाऊक असावं, म्हणजे बदललं की कळतं, एवढंच. आणि तुला कळलंच होतं की! फक्त कंसात टाकलंस.

नवऱ्याचं बोलणं तुला लागलंय, पत्रात दिसतंय. पण त्याला तू काय सांगितलंस? माझा अंदाज, ‘छातीत कसंतरी होतंय’ एवढंच. त्याला चिठ्ठीवरचं तेच वाक्य ऐकव, आणि पुढे म्हण, ‘अमुक दिवशी वेळ घेतलीय, तू सोबत ये.’ ‘जाऊ का?’ असं विचारू नकोस. विचारलंस की तो समजूत काढणार. घाबरलेली माणसं समजुतीच काढतात. तरी नाहीच आला, तर बहिणीला ने, मैत्रिणीला ने. एकटी गेलीस तर डॉक्टर काय म्हणाले यातलं निम्मं तुला घरी पोहोचेपर्यंत आठवणार नाही.

मुलीची परीक्षा तीन महिन्यांवर आहे आणि तपासणीच्या फेऱ्या दोन-तीन. नुसतं इसब निघालं, तर ते तीन महिने तू तिच्याजवळ शांत डोक्याने बसशील. दुसरं काही निघालं, तर ते आत्ता कळणं आणि तीन महिन्यांनी कळणं यात उपचारांचा फरक पडू शकतो. मुलीला निकालाआधी काही सांगू नकोस हे ठीक. पण तू रोज रात्री जागी असतेस हे तिला दिसत नाही, असं समजू नकोस.

आजपासून ते मलम बंद कर, नवं काही सुरू करू नकोस, आणि जाताना ती ट्यूब पर्समध्ये टाक. डॉक्टरांना त्यावरचं नाव वाचायचं असेल.